कादंबरी संपते, बाई जगतच राहते

‘ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या खंबीर बायका तुम्हाला पटतात का?’ असं गेल्या महिन्यात याच पानावर विचारलं आणि पोस्टमनला आमचा जिना तीनदा चढावा लागला. निम्मी पत्रं तक्रारीची, आणि त्या तक्रारीही एकमेकींच्या उलट. एकाला नायिका नको तितकी धीट वाटते, दुसरीला मुळूमुळू रडणारी. मला नवल वाटलं नाही. साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी चौतीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे काढली. परत आलेल्या पुस्तकांच्या समासातले पेन्सिलीचे शेरे पुसणं हे माझं शनिवारचं काम. ऐतिहासिक कादंबरीत नायिका तोंड उघडून बोलायला लागली की एका अक्षरात ‘शाब्बास!’ आणि लगेच खाली दुसऱ्या अक्षरात ‘काहीही!’ असायचंच. सगळे शेरे मी पुसले असं मात्र नाही.

*

एका कादंबरीत (नाव छापू नका, लेखिका ओळखीतल्या आहेत) १८८५ च्या सुमाराची मुंबई आहे. नायिकेचं लग्न लहानपणीच झालेलं. ती नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देते, वर टोपणनावाने इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिते. पुढे एका संध्याकाळी चौपाटीवर एका तरुण वकिलाशी दोन तास गप्पा मारत बसते. त्या काळच्या बाईच्या तोंडी आजचे विचार कोंबण्याची ही टूम कधी थांबणार?
— एक निवृत्त अभियंता, सांगली

पत्रात तुम्ही लाल शाईने दोन ठिकाणी रेघ मारली आहे. एक नकाराखाली, दुसरी वर्तमानपत्राखाली. चौपाटीखाली रेघ नाही. मी असते तर उलट केलं असतं.

नकार आणि पत्रं या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, आणि त्याही मुंबईतच. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं. त्या माहेरीच वाढल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. १८८४ साली दादाजीने ‘बायकोला नांदायला पाठवा’ म्हणून हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्रं छापून आली, ती रखमाबाईंची. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दावा मिटला. बाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला व राजकोटला त्यांनी आयुष्यभर नोकरी केली.

आता विचार ‘आजचे’ म्हणता, तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं काय करायचं? सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर १८८१ साली स्वतःचं मूल मारल्याचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. एकेका दुर्गुणाचं नाव घेऊन, हा बायकांत जास्त की पुरुषांत, असा हिशेब मांडला. ते पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी बी.ए. झालेली होते, आणि तरी दुपारभर माझे कान गरम होते. आजच्या कोणत्या कादंबरीतली नायिका इतकं चिडून बोलते? आपल्या लेखिका उलट तिला आवरतात, चार वाक्यांत गप्प करतात, वाचक बिचकायला नको म्हणून. तेव्हा ‘त्या काळात बायका असा विचार करत नव्हत्या’ हे वाक्य लिहिण्याआधी जरा थांबावं. करत होत्या. ते छापून आलं की काय व्हायचं, हा खरा प्रश्न. ताराबाईंवर एवढी टीका झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन लिहावं लागलं, आणि ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही.

म्हणून मला तुमची चौपाटी खुपते. लहानपणी लग्न झालेली, कोर्टात दावा चालू असलेली, गावभर नाव झालेली बाई परक्या पुरुषाबरोबर दोन तास उघड्यावर बसते आणि पुढच्या प्रकरणात त्याचा कुठे उल्लेखसुद्धा नाही? गिरगावातल्या माणसांना डोळे नव्हते? शेजारीण विचारत नाही, आई झोपेतून दचकत नाही, समोरचा वकील कोर्टात ते वापरत नाही! लेखिकेने नायिकेला धीटपणा दिला आणि त्याचं बिल कुणालाच पाठवलं नाही. बसवायचंच होतं तर बसवावं, जरूर बसवावं, पण मग पुढची पन्नास पानं त्या दोन तासांची असली पाहिजेत. माझी कसोटी म्हणाल तर एवढीच आहे. ती काय बोलते यापेक्षा, ते बोलण्याची किंमत लेखकाला ठाऊक आहे का, हे मी बघते.

जाता जाता एक. दादाजी १९०४ साली वारला, तेव्हा रखमाबाईंनी पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्याचं घर नको म्हणून तुरुंग पत्करायला निघाल्या, त्याच्याच नावाचं वैधव्य. हे कादंबरीत लिहिलं असतं तर ‘व्यक्तिरेखेत विसंगती’ म्हणून मी स्वतःच समासात शेरा मारला असता. पेन्सिलीने, पण मारला असता.

*

मला ऐतिहासिक मालिका आणि कादंबऱ्यांतल्या त्या सोशीक बायका बघवत नाहीत. नवरा सांगेल तसं शिकायचं, सासरच्यांनी टोमणे मारले तर खाली मान घालून उभं राहायचं. याला खंबीर कसं म्हणायचं? मैत्रिणी म्हणतात, ‘काळच तसा होता.’
— वय २९, ठाणे

‘काळच तसा होता’ हे मलाही आवडत नाही. काळ कुणाच्या कानाखाली मारत नाही, माणसं मारतात. आणि त्याच काळात न मारणारीही माणसं असतात.

पण खाली मान घालून उभं राहणाऱ्या बाईचे हात काय करताहेत ते बघितलंस का? रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं. त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने पहिली बायको गेल्यावर वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. (त्या लग्नात खाली मान कुणाची होती, तूच ठरव.) रात्री नवरा शिकवायचा, दिवसा माजघरातल्या बायका त्याचं उट्टं काढायच्या. रमाबाईंनी हे सगळं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. ते १९१० मध्ये आलं. पुस्तकात त्या नवऱ्याचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. नाव नाही, ‘हे’सुद्धा नाही. तू दहा पानांत पुस्तक मिटशील अशी मला धास्ती आहे.

मिटू नकोस. त्या पुस्तकातली मुलगी माजघरात उलट उत्तर देत नाही, आणि एक दिवसही अभ्यास सोडत नाही. या दोन गोष्टी एकाच बाईच्या आहेत. उलट उत्तर दिलं असतं तर अभ्यास सुटला असता, हे तिला कळत होतं. आणि ‘स्वतः’ गेल्यावर, म्हणजे १९०१ नंतर, ही बाई काय करते? पुण्यात १९०९ पासून सेवासदन उभं करते, शेकडो बायकांना शिकवते, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मतासाठी सभा घेते. मालिका बहुतेक वेळा नवऱ्याच्या निधनाशी संपते. तुझा राग खरं तर तिथे जायला हवा. शेवटची तेवीस वर्षं कापून टाकल्यावर कुठलीही बाई सोशीकच दिसणार.

मात्र तुझ्या बाजूने एक कबूल करते. लेखकाला त्या सोसण्याची गोडी लागली, अश्रू मोजून मोजून लिहायला लागला, तिला देव्हाऱ्यात बसवलं, की मीही पुस्तक मिटते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाच. त्या बाईनं सोसलं ते रमाबाईंपेक्षा कमी नाही. नवरा न सांगता निघून जायचा, १८९५ मध्ये तर ख्रिस्ती होऊनच बसला. या पाच वर्षं आपल्या धर्मात राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी, स्वतः विचार करून गेल्या. आणि हे सगळं सांगताना बाई हसवते! जिला स्वतःवर हसता येतं तिची कीव करता येत नाही. सोशीक नायिका लिहिणाऱ्यांनी तिला निदान एक विनोद तरी करू द्यावा.

*

माझ्या मुलीला (इयत्ता नववी) फक्त तलवार चालवणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या नायिका हव्या असतात. मी म्हणतो, इतिहास म्हणजे नुसती मारामारी नाही. तिला काय वाचायला द्यावं?
— एक बाबा, कराड

वाचू द्या की घोड्यांचं. मीही तिच्या वयात तेच वाचलं आणि घरच्या म्हशीवर बसायचा प्रयत्न केला.

पण एकदा तिला साताऱ्याला घेऊन या. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. त्या खिडकीपाशी उभं राहून तिला महाराणी ताराबाई सांगा, पण पुरती सांगा. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई पंचविशीतल्या. लहान मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षं लढाई चालवली. बादशहा एक किल्ला घ्यायचा, तोवर मराठे दुसरीकडे उठलेले असायचे. कुठला सरदार कुठे पाठवायचा, कुणाला वतन द्यायचं, कुठला किल्ला किती दिवस लढवून मग सोडायचा, हे त्या ठरवत होत्या. तलवार किती वेळा उपसली कोण जाणे, पण फौजा हलवल्या हे नक्की. १७०७ मध्ये बादशहा नगरजवळ मेला. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक कादंबऱ्यांत शेवटचं पान इथेच येतं. मावळतीचा सूर्य, भगवा झेंडा, समाप्त.

बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या! जगल्या शहाऐंशी वर्षं. पुढची चोपन्न वर्षं कुठे गेली? शाहू महाराज सुटून आले, त्यांच्याशी गादीवरून झगडा झाला. साताऱ्याहून कोल्हापूरकडे जावं लागलं. १७१४ मध्ये सवत राजसबाईने ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. पुढे शाहू महाराजांच्या नजरेखाली साताऱ्यात राहाणं आलं. महाराजांना मूल नाही, तर ‘माझा नातू लपवून वाढवलाय’ म्हणून त्यांनी रामराजाला पुढे केलं, तो गादीवर बसला. आणि वर्षभरात, १७५० साली, पंच्याहत्तर वर्षांच्या या आजीने त्याच नातवाला या समोरच्या किल्ल्यावर कैद केलं आणि सांगितलं की हा माझा नातूच नव्हे. पेशव्याशी वैर धरून किल्ल्यात बसल्या. पानिपतही त्यांच्या हयातीत झालं. डिसेंबर १७६१ मध्ये त्या गेल्या.

आता मुलीला विचारा, ही खंबीर नायिका आहे की खाष्ट म्हातारी? पंचविशीत जो हट्ट आपल्याला शूर वाटतो तोच पंच्याहत्तरीत कटकट वाटतो का, आणि राजा पुरुष असता तर त्याच हट्टाला आपण काय म्हटलं असतं? माझं म्हणाल तर मला ती १७५० ची ताराबाई जास्त आवडते, आणि तिच्या शेजारी एक दिवसही राहावंसं वाटत नाही.

आणि येसूबाईंचंही नाव तिच्या कानावर घाला. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडला तेव्हा त्यांनी दिराला गडाबाहेर जाऊ दिलं आणि स्वतः लहान शाहूला घेऊन मागे राहिल्या. मोगलांच्या कैदेतून परत आल्या १७१९ साली. घोडा नाही, तलवार नाही, तीस वर्षं नुसती वाट. त्यावर चांगली कादंबरी लिहिणं फार अवघड आहे, कारण रोज काहीच घडत नाही.

*

पूर्वीच्या काळावरच्या कादंबरीत विधवा म्हटली की ती सोवळी, आलवण नेसलेली, कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली. खरंच सगळ्या अशाच होत्या?
— बारामती

छे हो. लिहिणारे बहुतेक ब्राह्मण घरांतले, म्हणून कादंबरीत त्यांचीच आत्या येते. कुणबी, माळी, धनगर आणि इतर कितीतरी जातींत विधवेचा पाट लागायचा, काडीमोडही व्हायची. पेशवाईत तर पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी वसूल व्हायची, म्हणजे बघा किती लागत असतील. वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या रखमाबाईंच्या आईनेच दुसरं लग्न केलं होतं, त्यांच्या सुतार जातीत ते चालत होतं. कुणब्याच्या विधवेला कादंबरीत ‘समाजाची बंधनं झुगारून’ दुसरं लग्न करायला लावलं, की लेखक गावात गेलेला नाही हे ओळखावं. तिची भांडणं वेगळी असायची. पहिल्या घरची जमीन, पहिल्या घरची पोरं, आणि पाटाची म्हणून मिळणारी दुय्यम वागणूक.

*

मावशी, मी माझ्या पणजीवर कादंबरी लिहितेय. ती तरुणपणी विधवा झाली आणि एकटीने शेती सांभाळली. पण ती सुनेशी फार वाईट वागायची, जातपातही कडक पाळायची. हे घातलं तर वाचकांना ती आवडणार नाही, आणि वगळलं तर खोटं वाटतं. काय करू?
— वय २४, सध्या मुक्काम पुणे

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून चहा केला. कारण तुझी पणजी आमच्याही घरात होती.

माझी आजी, वडिलांची आई, १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, विधवा झाली. वय एकोणीस, कडेवर वर्षाचं पोर. डोकं भादरलं, आलवण आलं. वाईजवळच्या आमच्या गावात सात एकर जिरायत होती, दिरांना ती हवी होती. आजीला अक्षरओळख नव्हती. कोर्टाचा कागद आला की ती पुतण्याकडून वाचून घ्यायची, एकदा सोमवारी आणि एकदा गुरुवारी. दोन्ही वेळा मजकूर तोच निघाला तरच विश्वास ठेवायची. पोरगा शाळेतला, पण त्याचा बाप समोरच्या पक्षातला ना! एकदा सोमवारचा आणि गुरुवारचा मजकूर जुळला नाही. आजी काही बोलली नाही. तारखेला तालुक्याला चालत गेली, तिथल्या लेखनिकाला चार आणे देऊन तिसऱ्यांदा वाचून घेतला. जमीन राहिली. त्या जमिनीवर माझे वडील शिकले, आणि म्हणून मी पुस्तकं देत-घेत बसले.

इथवर लिहिलं तर पुरस्कार मिळेल.

हीच आजी माझ्या आईला महिन्याचे तीन दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत बसवायची, पावसाळ्यातसुद्धा. घोंगडी वेगळी, भांडं वेगळं. १९५० नंतर कधीतरी वाड्यात एक नात्यातली तरुण विधवा राहायला आली, तिने केस ठेवले होते. आजीने तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. मरेपर्यंत. ती बाई ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आजी तिच्यादेखत तो तुळशीला ओतायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मी बघितलंय.

मोठेपणी मला वाटायचं की या दोन आज्या आहेत, एक चांगली, एक वाईट, आणि लिहिणाऱ्याने चांगली निवडावी. आता तसं वाटत नाही. गुरुवारी पुन्हा कागद वाचून घेणारा तो संशय आणि तांब्या ओतणारा तो ताठा, दोन्ही एकाच ठिकाणाहून येत होतं. एकोणिसाव्या वर्षी नियम पाळून तिने गावात जागा टिकवली होती. डोक्यावरून पदर कधी ढळला नाही, म्हणून दिरांना तिच्यावर बोट ठेवता आलं नाही. आणि ही पोरगी केस ठेवून, नियम मोडून, तरी दोन वेळचं जेवत होती! मग आजीने स्वतःचे केस कशासाठी दिले होते? हा प्रश्न तिला पडला असेल की नाही मला माहीत नाही. मी १९६९ पर्यंत तिच्याबरोबर राहिले आणि विचारलं नाही.

म्हणून सूनही घाल, जातपातही घाल. तिला शेवटच्या प्रकरणात पश्चात्ताप मात्र करायला लावू नकोस. आमच्या आजीने केला नाही, तुझ्या पणजीनेही केला नसावा. आणि तिचं कौतुक करणारं पात्र कादंबरीत ठेवू नकोस, कौतुक वाचक करेल किंवा नाही करणार. सुनेला मात्र चांगली जागा दे. ती नुसती सोसणारी करू नकोस. ती रात्री पणजीबद्दल काय म्हणायची, कुणाला म्हणायची, ते तुझ्या आजीला विचार. आजी असेल ना अजून? मग कादंबरी बाजूला ठेव आणि या रविवारीच जा. जाताना वही ने, मोबाइल तिच्यासमोर धरू नकोस, त्याने म्हाताऱ्या बायका एकदम शहाण्यासारखं बोलायला लागतात.

आणि सुरुवात शेतीपासून करू नकोस. आधी सून लिही.